एसएस पॅटर्नची मुलं आणि उशिरा आलेली लस

31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 बालकांना हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात बरी झाली, तिघे कर्मचारी निलंबित झाले, बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात न्यूमोनियासारख्या आजारांविरुद्धची न्यूमोकॉकल लस आली. तिचा एवढा गाजावाजा झाला नाही, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या सिकलसेलग्रस्त मुलांसाठी ती कितीतरी मोठी गोष्ट होती.

देशात सिकलसेलची पहिली नोंद 1952 सालची, निलगिरीतली. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला सिकलसेल ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवला. पुढची बरीच वर्षं शिबिरं आणि रक्ततपासण्यांत गेली.

सल राहते ती 2011 ते 2021 या दशकाची. 13 जानेवारी 2011 नंतर देशात पोलिओचा रुग्ण सापडला नाही, 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. वाड्या-पोडांवर चालत गेलेल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांचं हे यश निर्विवाद आहे. पण त्याच पोडांवरच्या एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक मिळालेल्या, मुलांचा आजार अंगदुखी आणि रक्त चढवणं एवढ्यापुरताच मानला गेला. त्यांची प्रतिकारशक्ती हा विषय मागेच राहिला.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पहिल्या सहा महिन्यांत ओसरतात. त्याच सुमारास बाळाचं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनही कमी होऊ लागतं आणि विळ्यासारख्या पेशी पानथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकू लागतात. न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू रक्तातून गाळणारी आणि त्यांच्याविरुद्ध झटपट प्रतिपिंडं बनवणारी हीच ग्रंथी. विदर्भातल्या अनेक मुलांची पानथरी हाताला मोठी लागते, पण मोठी आहे म्हणून ती काम करतेच असं नाही. त्यात तीव्र कुपोषण असेल तर थायमस ही प्रतिकारपेशी घडवणारी ग्रंथी आक्रसते आणि बचावाची दुसरी फळीही कोसळते.

उपाय ठाऊक होते. रोजच्या पेनिसिलिनने सिकलसेलग्रस्त लहान मुलांतला गंभीर न्यूमोकॉकल संसर्ग 84 टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेतल्या चाचणीने 1986 मध्येच दाखवलं होतं. न्यूमोकॉकल लस 2017 मध्ये हिमाचल प्रदेशात आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्राची पाळी चार वर्षांनी आली. तोवर खासगी दवाखान्यात एका डोसला हजारो रुपये मोजावे लागत. कापूस वेचणाऱ्या मजुराने ते कुठून आणायचे?

1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. तपासणी होते, कार्ड मिळतं, 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं उद्दिष्ट सांगितलं जातं. निव्वळ कार्डाने मात्र न्यूमोनिया थांबत नाही.

घरात एसएस पॅटर्नचं मूल असेल, तर त्याचे न्यूमोकॉकलचे डोस झाले का आणि पेनिसिलिन सुरू करायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि त्याला जोराचा ताप भरला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.