उत्खनन आणि संगणक

आमच्या शेगांवच्या उत्तरेकडे, संग्रामपूर तालुक्यांत, पूर्णेच्या कांठीं भोन नांवाचें गांव आहे. तेथें या शतकाच्या आरंभीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें, तेव्हां सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची वस्ती, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि विटांचा स्तूप यांचे अवशेष उजेडांत आले. ही जागा जिगांव धरणाच्या बुडीत क्षेत्रांत येते. वर पाणी चढल्यावर पुढील पिढ्यांस काय उरेल, हा प्रश्न सहजच मनांत येतो.

वास्तविक धरण नसतें तरी हा प्रश्न होताच. मातीचे थर एकदां खणले कीं ते पुन्हां तसेच रचतां येत नाहींत. पान वाचतांच तें फाडावें लागावें, अशी ही पोथी आहे! यास्तव कोणतें खापर कोणत्या थरांत, किती खोलीवर व कशाच्या शेजारीं सांपडलें, ही नोंद हेंच खरें धन होय.

अशा नोंदी हजारोंनीं सांचल्या, कीं वह्या चाळून त्यांची तुलना करणें एका माणसाच्या आवांक्याबाहेर जातें. येथेंच संगणक उपयोगीं पडला. सिंधु लिपीचें उदाहरण घेऊं. इरावतम् महादेवन् यांनीं १९७७ मध्यें या लिपींतील लेखांची सूचि संगणकाच्या साह्यानें सिद्ध करून प्रसिद्ध केली. कोणतें चिन्ह कोठें व कोणत्या चिन्हाशेजारीं येतें, हें तींत पाहावयास मिळतें. तिच्याच आधारें २००९ मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व इतर संशोधकांनीं, या चिन्हांचा क्रम भाषेच्या क्रमाशीं जुळतो, असें मत मांडलें. तथापि लिपि अद्याप उलगडलेली नाहीं. यंत्र मोजतें व जुळवितें. अर्थ माणसानेंच लावावयाचा.

आतां अनेक बाजूंनीं घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणक भिंतीची वा विहिरीची हुबेहूब आकृति पडद्यावर उभी करतो. एखाद्या स्थळाची अशी आकृति वेळींच करून ठेविली, तर तें बुडाल्यावरही त्याचें मोजमाप घेतां येईल. पुढें खापरांची वर्गवारीही यंत्रें अधिकाधिक करूं लागतील. परंतु जें टिपलेंच नाहीं, तें संगणक कोठून सांगणार?

म्हणून विद्यार्थ्यांनीं एवढें करावें. शेतांत जुनें खापर वा वीट दिसल्यास ती उचलून घरीं आणूं नये. शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें, जागा व दिनांक लिहावा आणि शिक्षकांस कळवावें. वस्तु जागची हलली कीं तिची अर्धी कथा गेली. ती कोणत्याही संगणकास परत आणतां येणार नाहीं.