चित्राची एकच प्रत असते तेव्हा

सहलीला गेलेले घर मोबाईलवर शेकडो फोटो काढून परतते. पण घरात एखादी मुलगी अशी असते की ती वाईच्या घाटावर, माहुलीच्या संगमावर किंवा कासच्या वाटेवर रंगपेटी उघडून बसते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या की तिची वही माळ्यावर जाते आणि ईदच्या साफसफाईत रद्दीत निघते.

अशा घरांनी आबालाल रहिमान हे नाव लक्षात ठेवावे. कोल्हापूरच्या ज्या घराण्यात ते जन्मले, तिथे कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते गावी परतले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ, सकाळचे धुके, हे त्यांचे विषय. त्यांनी हजारो चित्रे काढली असे सांगतात. आज उरली आहेत फार थोडी. 1922 मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी दुःखाने बरीच चित्रे कोटितीर्थात सोडली, अशी आठवण कोल्हापुरात अजून सांगितली जाते. 1931 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या घराण्यात प्रती उतरवण्याचे काम चाले, त्याच घरातल्या या चित्रांची दुसरी प्रत कुठे नव्हती.

याच काळात राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्यांची काही मूळ चित्रे सातारा जिल्ह्यातच, औंधच्या श्री भवानी संग्रहालयात आहेत. पण औंध न पाहिलेल्या लाखो घरांना ती चित्रे ठाऊक झाली, ती शिळाछापामुळे. दगडावरून एकेक रंग चढवत तेव्हा प्रती निघत.

आता हे काम सोपे झाले आहे. प्रवासातले चित्र पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात घडी घातलेल्या ओल्या कागदाला बुरशी धरते. मग चांगल्या स्कॅनरवर ते 300 डीपीआयला स्कॅन करा. 8 बाय 12 इंचांच्या छपाईसाठी 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात. प्रिंट आम्लविरहित कापसाच्या कागदावर आणि पिगमेंट शाईत काढून घ्या. साध्या शाईचा रंग लवकर उडतो. पंचवीसच प्रती काढायच्या ठरवल्या तर प्रत्येकीखाली पेन्सिलीने 1/25, 2/25 असा क्रमांक आणि सही घाला. ठरल्यापेक्षा एकही जास्त काढू नका. विकत घेणाऱ्याचा त्या आकड्यावर भरवसा असतो. फ्रेम ओलीच्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून दूर लावा.

मूळ चित्र कपाटात सपाट ठेवा. एक प्रत नानीच्या घरी, एक खालाच्या घरी जाऊ द्या. घरातल्या मुलीने पाहिलेली कृष्णा चार भिंतींवर राहिली, तर एखाद्या वर्षीच्या साफसफाईत ती हरवणार नाही.