लवंग घ्यावी ती तेलासकट



ऊस विकास विभागाने लवंगेवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. निमित्त असे घडले की, उन्हाळ्यात खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही दीपनगरकडील शिवारात गेलो होतो. एका सभासदाच्या ओसरीवर बसून पाचट जाळू नका म्हणून आमचे नेहमीचे सांगणे चालले होते. घरात वर्षाच्या काळ्या मसाल्याची धांदल होती. आतून आजी आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पाचटाचं राहू द्या. आधी ही लवंग पाहा. शंभर ग्रॅम आणली, पण हिच्यात जीवच नाही."

आजींचे म्हणणे खरे निघाले. लवंग सुरकुतलेली, काळपट, वासाला मंद. नख दाबले तरी तेलाचा ओलावा दिसेना. ग्लासभर पाण्यात दहा लवंगा टाकल्या, त्यातल्या सात आडव्या तरंगत राहिल्या. चांगली लवंग पाण्यात बुडते, नाहीतर डोके वर करून उभी राहते. आडवी तरंगणारी लवंग म्हणजे बहुधा तेल काढून घेतलेली.

हा प्रकार ऊसवाल्याला समजावून सांगायला नको. चांगल्या लवंगेत वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के उडनशील तेल असते. आपल्या उसाचा साखर उतारा १०-११ टक्क्यांच्या आसपास घोटाळतो, त्यावरून लवंगेचा उतारा केवढा ते ध्यानात घ्या. वाफेवर हे तेल काढतात व ते निराळे विकले जाते. राहिलेला चोथा वाळवून पुन्हा चांगल्या लवंगेत मिसळला की झाले! चिपाड उसाच्या भावाने विकण्यासारखेच हे. ही सरळ भेसळ आहे. पावती जपून ठेवली असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आपल्याकडे पावती मागायचाच संकोच, ही खरी अडचण.

लवंग म्हणजे झाडाची न उमललेली कळी. झाड आपल्या जांभळाच्या कुळातले, पण त्याला दमट हवा व बाराही महिने ओलावा लागतो. आपल्या तापीकाठी मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बांधावर लवंग लावण्याचा विचार कोणी करू नये. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत ती होते. तामिळनाडू व केरळच्या डोंगराळ भागात जास्त होते. कन्याकुमारीच्या लवंगेला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. झाड सातव्या-आठव्या वर्षी फुलू लागते. हिरवी कळी गुलाबी होऊ लागली की उमलण्याआधी हाताने खुडायची. आपल्या ऊसतोडीसारखेच इथे वेळेला महत्त्व आहे. कोवळी खुडली तर वजन व तेल कमी, उमलू दिली तर डोके गळून जाते. चार-पाच दिवस उन्हात वाळवली की वजन तिसऱ्या हिश्शावर येते. वाळवणीत पाऊस लागला किंवा ढीग गरम झाला तर लवंग फिकट, सुरकुतलेली व कुबट होते. म्हणून घेताना डोके शाबूत आहे का, रंग तांबूस-तपकिरी आहे का व मोडल्यावर कट्‌कन तुटते का, एवढे पाहावे. देठ-काड्या जास्त असतील तर माल परत करावा.

लवंगेच्या भावाने पूर्वी राजकारणही घडवले आहे. तिचे मूळ इंडोनेशियातील मोलुक्का बेटांत. डच व्यापाऱ्यांनी तिथे मक्तेदारी टिकवण्यासाठी इतर बेटांवरची झाडे तोडून टाकली होती. पुढे ती आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर गेली व तिथला माल मुंबईत उतरू लागला. आपल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी काँग्रेसने झांजिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. तिथल्या सरकारने कायदे करून लवंगेचा व्यापार एकाच संस्थेच्या हाती दिला होता व त्यात हिंदी व्यापारी भरडले जात होते. गिऱ्हाईकच फिरल्यावर १९३८ मध्ये तडजोड झाली. एका मसाल्याच्या कळीपायी सरकार नमले, हे वाचून आम्हाला मोठी गंमत वाटली.

घरात तिचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. काळा मसाला, शेवभाजीचा रस्सा, पुलाव, विड्याला टोचलेली लवंग. (भरताला मात्र लवंग नको. वांग्याचा व मिरचीचा स्वाद मरतो, असे आमचे मत.) मसाल्यात हात आखडता ठेवावा, जास्त झाली की कडू लागते.

औषधाचे म्हणाल तर, लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल नावाचे द्रव्य असते. ते जागा बधिर करते व जंतूंना आळा घालते. दातांचे डॉक्टरही दात भरताना ते जस्ताच्या भुकटीत कालवून वापरतात. म्हणून दाढ ठणकली की लवंग धरण्याची आपली रीत खोटी नाही. खोकल्यात किंवा तोंडाला वास येत असल्यास एखादी चघळण्यास हरकत नाही. पण लवंगेने कीड बरी होत नाही, ठणका तेवढा थांबतो. हंगामात तोडणी कामगारांच्या वस्तीवर आम्ही पाहतो, आठ-आठ दिवस लवंगेवर काढतात आणि गाल सुजल्यावर दवाखाना गाठतात. तोवर दाढ गेलेली असते.

तेलाच्या बाटलीबाबत मात्र कडक राहावे. शुद्ध तेल हिरडीवर थेट ओतल्यास भाजते. कापसाला थेंबभर, तोही गोड्या तेलात मिसळून लावावा. लहान मुलांना ते कदापि देऊ नये. चमचाभर तेल पोटात गेल्याने मुलांचे यकृत निकामी होण्याच्या पाळीपर्यंत गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. बाटली फळीवर उंच ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर लवंगेचे काढे व तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आजींनी ती लवंग दुसऱ्या दिवशी परत पाठवली. दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिली, असे नंतर कळले. नवी लवंग त्यांनी निम्मीच मसाल्यात घातली व उरलेली अख्खीच घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवली. हेच योग्य. पूड करून ठेवली की तेल उडून जाते. आणि तयार पूड विकत घेतलीत, तर तिला ना पाण्याची परीक्षा लागू पडते, ना नखाची.