तीन रकाने, अडीचशे वर्षे

आमच्या घरच्या मराठी बायबलात प्रत्येक मथळ्याखाली कंसात बारीक टायपात काही आकडे असायचे. मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेले येशूचे चरित्र, उघडले की मत्तय आणि लूकमधले अध्याय, लूक उघडला की उरलेल्या दोघांतले. लहानपणी मी ते ओलांडून पुढे जायचो. कॉलेजात असताना एकदा सुट्टीत ते तीन ठिकाणी बोटे घालून वाचायला बसलो. पक्षाघाती माणसाची गोष्ट होती. येशू शास्त्र्यांशी बोलत असतो, वाक्य अर्ध्यावर तुटते, लेखक मध्येच सांगतो की आता तो आजाऱ्याकडे वळला, आणि तुटलेले वाक्य आजाऱ्याला दिलेल्या आज्ञेने पुरे होते. मार्कमध्ये ते जिथे तुटते तिथेच मत्तयात तुटते, तिथेच लूकमध्येही. ऐकलेली गोष्ट तिघांनी सांगितली तर आशय जुळेल, एखादे ठसठशीत वाक्यही जुळेल. पण वाक्य मोडण्याची जागा जुळत नाही. कुणीतरी कुणाचे तरी समोर ठेवून लिहिले आहे, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा कळले. तेव्हापासून हा विषय मला सुटलेला नाही.

शुभवर्तमाने एकमेकांशेजारी ठेवून पाहायची ही ओढ फार जुनी आहे. लूक तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की आपल्याआधी पुष्कळांनी हा वृत्तांत लिहायला घेतला होता. दुसऱ्या शतकात हिएरापलीचा पापियास लिहून गेला की मार्क हा पेत्राचा दुभाषा, त्याने आठवले ते नीट लिहिले, पण क्रमाने नाही. त्याच शतकात, १७०च्या सुमारास, सिरियाकडच्या तातियानने चारही शुभवर्तमाने एकमेकांत विणून एकच कथा केली. तिचे नाव ‘दियातेस्सरोन’, म्हणजे ‘चौघांतून’. सिरियाच्या मंडळ्यांनी ती दोन शतकांहून जास्त काळ उपासनेत वाचली. पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या भागातल्या तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. त्याच्या कठोरपणाचे मला वाईट वाटते, पण त्याच्या निर्णयाचे ऋणही वाटते. विणलेली एकच कथा उरली असती तर तुलना करायला काही शिल्लकच राहिले नसते.

विणायचा मोह मात्र गेला नाही, आणि तो जावा असेही नाही. फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. त्यातल्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र एका धाग्यात येते. पुराण सांगणाऱ्याला चार साक्षीदार वेगवेगळे उभे करून चालत नाही. त्याला कथा पुढे न्यायची असते.

खरे वळण आले ते १७७४ साली. योहान याकोब ग्रीसबाखने जर्मनीत हाले इथे पहिली तीन शुभवर्तमाने ग्रीकमध्ये रकाने पाडून शेजारीशेजारी छापली. त्याआधीचे बहुतेक संपादक सुसंगती साधायला बसत. ग्रीसबाखला चरित्राचा एकच क्रम लावता येईल अशी खात्रीच नव्हती, म्हणून त्याने जे जिथे जुळते ते जुळलेले आणि जे जिथे फाटते ते फाटलेले दाखवले. अशा मांडणीला ‘सिनॉप्सिस’, म्हणजे एकत्र पाहणे, असे नाव पडले. मत्तय, मार्क आणि लूक यांना ‘सिनॉप्टिक’ म्हणायची रीतही त्यातूनच रूढ झाली. योहानाचे शुभवर्तमान बहुतांशी बाहेरच राहिले, कारण त्याचा बाजच निराळा.

रकाने समोर आल्यावर प्रश्न टाळता येईना. मार्कमध्ये सुमारे ६६० वचने. त्यांतल्या जवळजवळ नऊ दशांशाला मत्तयात जोड सापडते आणि निम्म्याहून अधिकांना लूकमध्ये. ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळी मार्कला मत्तयाचा मागोमाग चालणारा संक्षेपकार मानले होते. ग्रीसबाखने पुढे १७८९-९०मध्ये मांडले की मार्कने मत्तय आणि लूक दोन्ही समोर ठेवून आपला मजकूर बेतला. १८३५ साली कार्ल लाखमानने घटनांचा क्रम तपासला. मत्तय आणि लूक मार्कच्या क्रमाबरोबर चालतात तेव्हा एकमेकांशीही जुळतात. मार्कला सोडले की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. १८३८ साली क्रिस्तियन हेर्मान वाइसने पुढचे पाऊल टाकले: मार्क आधीचा, आणि त्याच्या जोडीला येशूच्या वचनांचा एक हरवलेला संग्रह. कारण मार्कमध्ये नसलेली सुमारे दोनशे वचने मत्तय आणि लूक या दोघांतच आहेत, आणि काही ठिकाणी ती शब्दाला शब्द जुळतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सापाच्या पिलांना उद्देशून केलेला दरडावणीचा उपदेश दोन्हीकडे ठेवून पाहा, फरक मोजायला एका हाताची बोटे पुरतात. या कल्पित संग्रहाला पुढे जर्मन ‘क्वेले’, म्हणजे उगम, या शब्दावरून ‘क्यू’ हे नाव मिळाले.

१८६३ साली होल्ट्झमानने हा पक्ष पक्का केला. १९२४ साली ऑक्सफर्डच्या बी. एच. स्ट्रीटरने त्यात मत्तयाचे आणि लूकचे खास साहित्य असे आणखी दोन प्रवाह मिळवून चार उगमांची मांडणी केली. त्याच वर्षी केडगावच्या मुक्ती मिशनमधून पंडिता रमाबाईंचे, हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले संपूर्ण मराठी बायबल बाहेर आले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण भाषांतर हाच रकान्यांचा खरा कस आहे. मत्तयात आणि लूकमध्ये तोच ग्रीक शब्द असेल आणि मराठीत दोन ठिकाणी दोन शब्द वापरले, तर आपल्या वाचकाच्या हातून पुरावाच निसटतो.

मार्क आधीचा असे म्हणायची मोकळीक कॅथलिक अभ्यासकांना बराच काळ नव्हती. रोमच्या बायबल आयोगाने १९११-१२मध्ये मत्तय पहिला हेच मत धरून ठेवले. १९४३ साली पोप बाराव्या पायसच्या परिपत्रकाने वातावरण सैल झाले.

मला स्वतःला सर्वात जवळचा वाटतो तो पुरावा अलीकडचा आहे. अभ्यासक मार्क गूडएकरने १९९८ साली नकल करणाऱ्याच्या थकव्याकडे बोट दाखवले. मत्तय हेरोदाला आधी काटेकोरपणे मांडलिक म्हणतो आणि थोड्याच वचनांनंतर मार्कसारखा राजा म्हणून जातो. लूक पाच हजारांना जेवू घालण्याची गोष्ट बेथसैदा नावाच्या नगरात हलवतो, आणि मग शिष्य मार्कमधल्यासारखेच म्हणतात की आपण ओसाड जागी आहोत. नगरात उभे राहून! दुसऱ्याचा मजकूर हाताखाली घेऊन ज्याने कधी लिहिले असेल, त्याला हा अनुभव असतो: सुरुवातीला बदल लक्षात राहतात, मग लेखणी मूळ वाटेला लागते. या चुकांनी शुभवर्तमानांवरचा माझा विश्वास कमी झाला नाही. दिव्याखाली बसलेला, हात दुखत असलेला माणूस मला त्यांत दिसला.

क्यूचे काय? १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला कॉप्टिक भाषेतले थोमाचे शुभवर्तमान सापडले. त्यात ११४ वचने आहेत, पण सलग कथा नाही. म्हणजे असा नुसत्या वचनांचा ग्रंथ असू शकतो, हे सिद्ध झाले. तो क्यू नव्हे, हेही तितकेच स्पष्ट. १९५५ साली ऑस्टिन फॅररने क्यूची गरजच नाकारली: लूकने मार्कसोबत मत्तयही वाचला असे मानले की हरवलेले पुस्तक कल्पावे लागत नाही. विल्यम फार्मरने १९६४ साली ग्रीसबाखचा पक्ष पुन्हा उभा केला. क्यूवाद्यांनी २००० साली त्या न सापडलेल्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीच छापली, आणि दोनच वर्षांत गूडएकरचे क्यूविरोधी पुस्तक आले.

मार्क आधीचा, याबद्दल मला शंका उरलेली नाही. क्यूबाबत मात्र मी पाच ग्रीक शब्दांपाशी अडतो. चौकशीच्या रात्री येशूचे तोंड झाकून त्याला मारतात आणि भविष्य सांग म्हणतात, हे मार्कमध्ये आहे. ‘तुला कोणी मारले?’ हा प्रश्न मार्कमध्ये नाही, तो मत्तय आणि लूक या दोघांत आहे, पाचही शब्द तेच. क्यू मानायचा तर एकमेकांचे लेखन न पाहता दोघांनी तो घातला कसा? गंमत अशी की मत्तयाने तोंड झाकल्याचा उल्लेखच गाळला आहे, त्यामुळे त्याच्याकडे तो प्रश्न अधांतरी पडतो. स्ट्रीटरने तोड सुचवली की मुळात मत्तयात हे शब्द नसावेत, नकलकारांनी लूकमधून नंतर आणले असावेत. आजवर हाती आलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ते शब्द वगळलेले नाहीत.