पंप आहे ना, मग दोन सिगारेटींनी काय होतं?

'दोन-चारच ओढतो हो. आणि पंप घेतोच की रोज.'

दम्याच्या रुग्णापाशी सिगारेटचा विषय काढला की हे वाक्य ठरलेलं. कधी रुग्ण स्वतः म्हणतो, कधी त्याची बायको त्याची बाजू सावरत म्हणते. शिकलेल्या माणसांच्या तोंडी तर ते जास्तच सफाईने येतं. त्यामागचा हिशोब सरळ आहे. सिगारेट छातीचं जेवढं बिघडवील तेवढं पंप दुरुस्त करील, जमाखर्च जुळला. ऐकणाऱ्यालाही ते पटतं. अडचण एवढीच, की इथे खर्चाची बाजू जमेच्या बाजूला खाते. सिगारेट श्वासनलिकांचं नुकसान तर करतेच, पण ते नुकसान भरून काढणारं औषधही ती निकामी करते.

हे कळायला पंपांमधला फरक आधी नीट कळायला हवा. दम्याच्या बहुतेक घरांत दोन पंप असतात आणि बोलताना दोघांनाही 'पंप'च म्हणतात. निळ्या पंपात सालब्युटामॉल असतं. ते श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं आणि पाच-दहा मिनिटांत माणसाला मोकळं वाटतं. दुसऱ्या पंपात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टेरॉइड असतं. ते नलिकांच्या आतली सूज उतरवतं. दम्याचं मूळ त्या सुजेत आहे. या पंपाचा परिणाम तात्काळ जाणवत नाही, तो दिवसांनी आणि आठवड्यांनी दिसतो.

सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्याची फसगत इथेच होते. निळा पंप त्यालाही लागू पडतो, मारला की मोकळं वाटतं. म्हणून 'पंप काम करतोय' हा त्याचा निष्कर्ष. आत स्टेरॉइड काम करत नाहीये हे त्याला कोण सांगणार? सूज तशीच राहते, निळा पंप महिन्यागणिक लवकर संपू लागतो आणि एका रात्री घरच्यांना रिक्षा शोधावी लागते. नुसत्या निळ्या पंपावर दमा रेटू नये, असं दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी 'जिना' ही संस्था २०१९पासून स्पष्ट सांगते आहे, आणि ते सगळ्यांसाठी आहे, ओढणाऱ्यांसाठी आणि न ओढणाऱ्यांसाठीही.

स्टेरॉइड काम करत नाही, हे मी हवेत बोलत नाही. यावरचं बरंचसं मूलभूत काम स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झालं. २००२ साली तिथल्या डॉक्टरांनी सौम्य दमा असलेल्या, आधी स्टेरॉइड न घेतलेल्या ३८ प्रौढांवर एक चाचणी केली. त्यांतले २१ जण न ओढणारे, बाकीचे ओढणारे. सगळ्यांना तीन आठवडे फ्लुटिकासोनचा चांगला मोठा डोस दिला, रोज १००० मायक्रोग्रॅम. फुंकर मारून मोजायच्या पीक फ्लो मीटरवर न ओढणाऱ्यांचा सकाळचा आकडा मिनिटाला सरासरी २७ लिटरने वाढला. ओढणाऱ्यांचा वाढला तर नाहीच, ५ लिटरने कमी भरला. व्यवहारात शून्य.

पंपाचं औषध धुरामुळे आत पोचतच नसेल, अशी शंका कोणालाही येईल. मग पुढच्याच वर्षी त्याच शहरात पोटातून गोळी देऊन पाहिलं. प्रेडनिसोलोन, रोज ४० मिलिग्रॅम, दोन आठवडे. दम्याचा झटका आल्यावर डॉक्टर ज्याचा आधार घेतात तेच औषध, त्याच ताकदीचं. कधीच न ओढलेल्यांमध्ये एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा सरासरी २३७ मिलिलिटरने वाढली. ओढणाऱ्यांमध्ये ४७ मिलिलिटर, म्हणजे निव्वळ योगायोगानेही येऊ शकेल इतपतच फरक. तेव्हा दोष औषध आत न पोचण्याचा नव्हता.

असं का होतं? स्टेरॉइड पेशीत शिरून सूज पेटवणारी जनुकं बंद करतं आणि त्यासाठी त्याला एचडॅक-२ नावाच्या विकराची मदत लागते. लंडनच्या पीटर बार्न्स यांच्या गटाने दाखवलं, की धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या पेशींत या विकराचं काम मंदावलेलं असतं. औषध पोचतं, पण हाताशी मदतनीस नाही. शिवाय सूजही बदलते. एरवी दम्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा जोर असतो आणि स्टेरॉइड त्यांना चांगलं आवरतं. ओढणाऱ्यांच्या बेडक्यात न्यूट्रोफिल जास्त सापडतात आणि त्यांच्यापुढे स्टेरॉइडचं फारसं चालत नाही.

'मग डोस वाढवा.' हेही ऐकून झालं. ग्लासगोच्याच २००५च्या अभ्यासात मोठ्या डोसने ओढणारे आणि न ओढणारे यांच्यातली दरी काहीशी कमी झालेली दिसली खरी. पण तो डोस नेहमीच्या पाचपट होता. घसा बसणं, तोंडात बुरशी येणं आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याची भीती हे सगळं त्या मोठ्या डोसबरोबर येतं. गंमत अशी, की हाच माणूस एरवी 'स्टेरॉइड फार वाईट' म्हणून पंपाच्या दोन फवाऱ्यांतला एक स्वतःच्या मनाने कमी करत असतो.

आणखी एक बाब रुग्णांपर्यंत क्वचितच पोचते. दम्याच्या औषधांच्या बहुतेक चाचण्यांतून ओढणाऱ्यांना आधीच वगळलेलं असतं. त्यांना सीओपीडी हा धूम्रपानाने होणारा फुप्फुसांचा आजार असेल तर निकाल गढूळ होतील म्हणून. ते समजण्यासारखं आहे, पण त्याचा अर्थ असा, की औषधाच्या परिणामाची जी खात्री तुम्हाला दिली जाते ती न ओढणाऱ्यांवरून काढलेली असते. 'पंप घेतो की' म्हणणारा दुसऱ्याच्या नावावरचा भरवसा वापरतो आहे.

सोडल्यावर काय होतं, तेही ग्लासगोकरांनी तपासलं, २००६ साली. दमा असलेले ३२ ओढणारे घेतले, त्यांतल्या १० जणांनी सहा आठवडे सिगारेट पूर्ण बंद ठेवली. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत त्यांची एका सेकंदातली हवा ४०७ मिलिलिटरने सुधारली आणि बेडक्यातले न्यूट्रोफिलही उतरले. माणसं थोडी आहेत, मान्य. पण सहा आठवड्यांत ४०० मिलिलिटर म्हणजे वरच्या चाचणीत न ओढणाऱ्यांना गोळीने जे मिळालं त्याहून जास्त. दम्याच्या औषधांत एवढा फरक पाडणारं दुसरं काही हाताशी असतं तर डॉक्टरांनी ते पहिल्याच भेटीत लिहून दिलं असतं.

दुसरा गैरसमज जुना आणि चिवट: 'सकाळी एक ओढली की कफ सुटतो, छाती मोकळी होते.' कफ सुटतो हे खरं, पण तो झालाच मुळी धुराने. श्वासनलिकांना आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलत राहतात. धूर त्यांना गारठवतो. रात्री सात-आठ तास सिगारेट नसते तेव्हा ते पुन्हा हलू लागतात आणि सकाळी साठलेला कफ वर येतो. त्याच वेळी सिगारेट पेटलेली असते म्हणून श्रेय तिला जातं. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढतो, त्याचंही कारण हेच. 'सोडली आणि जास्तच त्रास झाला' म्हणून परत सुरू करणारे नेमके तिथे गडबडतात.

धुराने दमा हलका होतो या समजुतीला इतिहासाचा आधार आहे, हे मात्र सांगायला हवं. मद्रासमधले स्कॉटिश डॉक्टर जेम्स अँडरसन दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायला लावत. हा उपाय १८०२च्या सुमारास जनरल जेंट यांच्यामार्फत ब्रिटनला गेला आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात दम्याच्या सिगारेटी औषधाच्या दुकानात मिळत. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तसुद्धा त्या ओढत असे. पण त्यांत काम करायचे ते धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपिनसारखे पदार्थ, धूर ही केवळ पोचवण्याची रीत. त्याच घराण्यातलं इप्राट्रोपियम आज पंपातून, धुराशिवाय घेता येतं. तंबाखूत असं काहीच नाही. आणि धोतरा विषारी आहे, तेव्हा हे वाचून कुणी बांधावरची पानं तोडायला जाऊ नये.

बाकीचे गैरसमज किरकोळ. बिडी पानाची, म्हणून सौम्य: तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, म्हणून विझू नये यासाठी सारखे झुरके घ्यावे लागतात आणि टार व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त आत जातं. हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळून येतो: थंड होतो, गाळला जात नाही. मी गॅलरीत ओढतो, मुलांना त्रास नाही: घराबाहेर ओढणाऱ्यांच्या मुलांच्या लघवीतही निकोटीनचा अवशेष न ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त सापडतो. दुसऱ्याच्या धुराने काय फरक पडतो: स्कॉटलंडमध्ये मार्च २००६मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली. त्याआधी दम्यामुळे इस्पितळात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं, त्यानंतर ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी घटू लागलं. आपल्याकडे असाच नियम २ ऑक्टोबर २००८पासून आहे. टपरीशेजारी उभं राहून तो आठवून पाहावा.

आमच्याकडे कुणी ओढत नाही, म्हणून हा विषय आमचा नाही, असंही म्हणतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, पण बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आता ही बिनधुराची मशेरी तव्यावर भाजताना अख्ख्या घराला ठसका लागतो की नाही? आतल्या खोलीत दम्याचं पोर झोपलेलं असतं. आणि रात्री खिडक्या बंद करून लावलेल्या एका मच्छर अगरबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ साली मोजलं गेलं आहे.

एक गैरसमज मात्र मला शांतपणे ऐकवत नाही. 'पंपाची सवय लागते.' पंपाच्या स्टेरॉइडचं व्यसन लागत नाही, चष्मा लावणाऱ्याला चष्मा लागतो तसा रुग्णाला पंप लागतो, इतकंच. हे वाक्य बोलणाऱ्याच्या खिशात काड्यापेटी असली की काय बोलावं ते सुचत नाही.

सोडायची ठरवलीच तर एक गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा. दम्यावर आपल्याकडे थिओफायलिनच्या गोळ्या अजून बऱ्याच दिल्या जातात. सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध लवकर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. सिगारेट बंद झाली की आठवड्याभरातच औषध रक्तात साठू लागतं. मळमळ, हातांना कंप, छातीत धडधड सुरू होते आणि माणूस समजतो की सिगारेट सुटल्याने हे झालं. उपाय सिगारेट नाही, डोस कमी करणं हा आहे, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. निकोटीनचा गम किंवा पट्टी दम्यात चालते, फक्त तीही त्यांना विचारून. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक सिगारेट सोडायला मदत करणाऱ्यांचा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.