पाच मिनिटांची भाषणे आणि गावचा शिधा

मंडळी, मराठी माणसाला भाषण करायला जास्त आवडते की ऐकायला, हा वाद जुना आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीडशे वर्षे होऊन गेली तरी ती चालूच आहे. वैशाखातल्या संध्याकाळी घामाघूम होऊन व्याख्यान ऐकायला जाणारी आपली जात! पण साता समुद्रापलीकडे आलो आणि या वैभवाचे काय झाले? दिवाळीच्या कार्यक्रमात अध्यक्षांचे ‘दोन शब्द’, तेही पंचवीस मिनिटांचे, आणि श्रोत्यांचे सगळे लक्ष श्रीखंडाच्या पातेल्याकडे.

यंदा आमच्या मंडळाने नुसत्या भाषणांची एक संध्याकाळ करायचे ठरवले. नाटक नाही, गाणे नाही, भारतातून बोलावलेला पाहुणा नाही. बारा वक्ते, सगळे आपल्यातलेच, प्रत्येकाला पाच मिनिटे. आणि जी देणगी जमेल ती इथल्याच, आमच्या गावातल्या फूड पँट्रीला. मिडवेस्टमधले आमचे गाव मध्यम आकाराचे, आणि आमचे मंडळ त्याहूनही लहान. आम्ही पाच जणांनी हे काम अंगावर घेतले. इतर गावच्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून ते कसे केले, हे इथे सविस्तर लिहीत आहोत.

कार्यकारिणीत विषय मांडला तेव्हा अपेक्षेप्रमाणे आक्षेप आले. पहिला आक्षेप, ‘नाटक नसेल तर येणार कोण?’ दुसरा भाषेचा. पँट्रीची माणसे बोलवायची तर भाषणे इंग्रजीत करावी लागतील, मग मराठी मंडळ कशाला? तिसरा सर्वांत वजनदार होता. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘अहो, आपल्याकडे दुष्काळ पडतो, शाळांना छप्पर नसते. या श्रीमंत देशाला आपण कशाला पैसे द्यायचे?’

यावर तावातावाने चर्चा झाली. आमचे म्हणणे एवढेच होते की गावाकडे पाठवतो ते चालूच ठेवायचे, त्यात एक डॉलरही कमी करायचा नाही. पण इथे वीस-वीस वर्षे राहिलो, घरे घेतली, मुले इथल्या शाळेत शिकली, तरी आपण स्वतःला पाहुणेच समजणार का? आमच्यापैकी बहुतेक जण एम.एस. करायला दोन बॅगा घेऊन आलो. पहिल्या हिवाळ्यात गादी कुणी दिली, स्वयंपाकाची भांडी कुठून आली, हे आठवून पाहावे. कुणाला चर्चने दिली, कुणाला शेजारच्या आजींनी, कुणाला कँपसवरच्या स्वयंसेवकांनी. हे देणे या गावचे आहे, आणि ते पुण्याला किंवा साताऱ्याला मनीऑर्डर करून फिटत नाही.

कार्यक्रमाचा साचा आम्ही तीन ठिकाणांहून उचलला. पहिले टोस्टमास्टर्स. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सँटा ॲना इथल्या वाय.एम.सी.ए.मध्ये पहिला क्लब काढला. त्यांच्याकडून वेळेचे हिरवे, पिवळे, लाल दिवे घेतले. दुसरा ‘पेचाकुचा’. टोकियोमध्ये ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या आर्किटेक्ट जोडीने २००३ साली तो सुरू केला. वीस स्लाइड, प्रत्येक वीस सेकंद. म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंदांत गाशा गुंडाळायचा, कारण स्लाइड आपोआप पुढे सरकतात. तिसरे ‘डेट्रॉइट सूप’, २०१० साली सुरू झालेले. दाराशी ५ डॉलर द्यायचे, सूप-ब्रेड खायचे, गावासाठी काही करू पाहणाऱ्या चौघांची चार-चार मिनिटांची भाषणे ऐकायची आणि मत द्यायचे. जमलेली रक्कम विजेत्याला. यातले मतदान मात्र आम्ही गाळले. भुकेल्याला मदत किती मिळावी हे वक्तृत्वावर ठरू नये, असे आमच्यातल्या एका बाईंनी सांगितले आणि ते सर्वांना पटले.

संस्था निवडण्याआधी आम्ही तिथे दोन शनिवार काम केले. हे प्रत्येक मंडळाने करावे. नुसता चेक पाठवून जे कळत नाही ते खोकी उचलताना कळते. पहिली गोष्ट म्हणजे फूड बँक वेगळी आणि फूड पँट्री वेगळी. बँक म्हणजे मोठे गोदाम. जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली ॲरिझोनातील फिनिक्स इथे सेंट मेरीज फूड बँक काढली, ती या देशातली पहिली. पँट्री म्हणजे आपल्या भाषेत शिधा वाटण्याची जागा. ती गोदामातून माल आणते आणि घरोघरच्या माणसांना देते. दुसरी गोष्ट, डबे देण्यापेक्षा पैसे दिलेले बरे. आपण दुकानातून पूर्ण भावाने डबा घेतो, तर ही मंडळी घाऊक भावाने घेतात आणि जे कमी आहे तेच घेतात. तिसरी गोष्ट ऋतूची. थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस सगळ्यांनाच दानधर्म आठवतो. उन्हाळ्यात मात्र शाळा बंद, म्हणजे शाळेत कमी पैशांत किंवा फुकट मिळणारे जेवणही बंद, आणि मुले घरी. तेव्हाच देणग्या आटतात. म्हणून आम्ही दिवाळी सोडून मे अखेरचा शनिवार धरला. रानड्यांची व्याख्यानमालाही वसंतातलीच, तेव्हा मुहूर्त बरा लागला.

चौथी गोष्ट गमतीची. पँट्रीत एका फळीवर मसुराच्या पिशव्या तशाच पडून होत्या. विचारले तर कळले, सरकारी योजनेतून सुकी कडधान्ये येतात, पण लोक नेत नाहीत, कारण शिजवायची कशी ते माहीत नसते. आमच्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. एक भाषण तिथेच ठरले!

आता व्यवस्थेकडे वळू. वक्ते मिळवण्यासाठी फक्त ईमेल आणि व्हॉट्सॲपवर विसंबू नये. ‘कुणाला बोलायचे आहे का?’ असे विचारले की गप्प बसतात. फोन करून ‘तुम्ही त्या विषयावर बोला’ असे सांगितले की आधी नाही म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करतात. विषय माणसाच्या हातचा हवा. ‘भारतीय संस्कृती’ नको, ‘माझ्या गॅरेजमधली कढीपत्त्याची झाडे हिवाळ्यात कशी जगवली’ हे हवे. पाच मिनिटांत सावकाश बोलले तर पाचशे शब्द होतात, म्हणून लिहून आणायला सांगावे, पण वाचू देऊ नये. दोन आठवडे आधी कुणाच्या तरी घरी तालीम घ्यावी. तालमीत आमची निम्मी भाषणे नऊ मिनिटांची निघाली. कात्री चालवली ती बहुतेक सुरुवातीच्या आभारप्रदर्शनावर.

सगळ्यांच्या स्लाइड एकाच लॅपटॉपवर, एकाच फाइलमध्ये घेतल्या. वक्त्यागणिक वायरी बदलण्यात जाणारा वेळ मोजा, निदान दोन भाषणांएवढा भरेल. माईक हातात धरायचा, तोंडापासून मूठभर अंतरावर. पहिल्या रांगेत एक दहावीतली मुलगी तीन रंगांचे पुठ्ठे घेऊन बसवली. चार मिनिटांना हिरवा, साडेचारला पिवळा, पाचला लाल. मोठ्या माणसाला मोठा माणूस थांबवू शकत नाही, मुलीने पुठ्ठा वर केला की सगळे निमूट थांबतात. भाषेचा प्रश्न असा सुटला की भाषणे मराठीत, आणि पडद्यावर खाली दोन-दोन ओळी इंग्रजी. पँट्रीच्या संचालिका इंग्रजीत बोलतील, मुलांनी हवे त्या भाषेत बोलावे. सहा भाषणे, मग बटाटेवडे आणि चहा, मग उरलेली सहा. चर्चच्या स्वयंपाकघरात तळण काढायला परवानगी नव्हती, म्हणून वडे घरून तळून आणून ओव्हनमध्ये गरम केले.

पैशांचे मात्र आधीच चोख ठरवावे. प्रवेशाचे ५ डॉलर हॉल आणि वड्यांसाठी, ते मंडळाचे. देणगी वेगळी, चेक थेट पँट्रीच्या नावे, मंडळाच्या खात्यात एक सेंटही नाही. कारण सरळ आहे. तिकिटात जेवण असेल तर तेवढी किंमत देणगीत धरता येत नाही, आणि ७५ डॉलरच्या वरचे तिकीट असेल तर घेणाऱ्या संस्थेला ते लेखी कळवावे लागते. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला करात वजावट घ्यायची तर संस्थेचे लेखी पत्र लागते. संस्था ५०१ (सी) (३) खाली नोंदलेली आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. लकी ड्रॉ काढायचा मोह आम्ही टाळला. राज्याराज्याचे नियम वेगळे, शिवाय त्याच्या तिकिटावर वजावटही मिळत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. कढीपत्त्याला सर्वांत जास्त प्रश्न आले. मसुराच्या भाषणात काकूंनी ‘मसूर भिजवायला लागत नाहीत, अर्ध्या तासाच्या आत शिजतात, कांदा-टोमॅटो आणि मीठ एवढ्यावर पोटभर आमटी होते’ हे पाच मिनिटांत सांगून वर वाटीभर चव दाखवली. संचालिकाबाईंनी तिथेच कृती लिहून मागितली.

त्यांच्या भाषणानंतर कुणीतरी विचारले, तुमच्याकडे येते कोण? आम्हाला वाटले, बेघर, म्हातारेकोतारे असे काही सांगतील. त्या म्हणाल्या, नोकरी करणारे पुष्कळ येतात, पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही. आणि नोकऱ्या गेल्या की तुमच्यासारखे इंजिनियरही येतात, गाडी लांब उभी करून. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. ले-ऑफ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. एच-वन व्हिसावर नोकरी सुटली की जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ होते. अशा घरात काय खातात, हे मात्र कुणी कुणाला कधी विचारलेले नव्हते.

त्यानंतर एका आजोबांचे भाषण होते. मुलाकडे राहायला आलेले, वय ऐंशीच्या पुढे. विषय आधीच ठरलेला होता, ‘वारावरचे जेवण’. त्यांचे वडील कोकणातून पुण्याला शिकायला आले तेव्हा राहायला खोली होती, जेवायला नव्हते. सात दिवस सात घरे धरायची, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी फुटाणे आणि पाणी. आजोबा म्हणाले, ‘वडील पुढे हेडमास्तर झाले. त्यांनी ती घरे कधी लपवली नाहीत, आम्हाला नावानिशी सांगितली. आणि आमच्या घरी दर बुधवारी एक मुलगा जेवायला असायचाच. घेतले ते सांगावे, आणि आपला एक वार ठेवावा.’ लाल पुठ्ठा वर जायच्या आत ते खाली बसले. आमच्या मनात जे होते ते कार्यकारिणीच्या तीन बैठकांत आम्हाला असे सांगता आले नव्हते.

त्या रात्री देणगीचे लिफाफे संचालिकाबाईंच्या हातात दिले. ‘श्रीमंत देशाला कशाला’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ सभासदांचाही त्यात एक होता. पण आम्हाला पैशांपेक्षा पुढचे जास्त मोलाचे वाटते. मंडळाने आता पँट्रीत महिन्याचा एक शनिवार धरला आहे आणि मुलांनी त्याला ‘आपला वार’ असे नाव दिले आहे. मसुराच्या आमटीची कृती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापून त्या फळीवर लावली आहे. आणि पँट्रीचा पत्ता व वेळा मंडळाच्या पत्रकात आता दर वेळी छापल्या जातात, वाढदिवसांच्या यादीशेजारी. स्वयंसेवकांसाठी म्हणून छापतो. ज्याला दुसऱ्या कारणाने लागेल त्यालाही तो सापडेल, विचारावे लागणार नाही.

तुमच्या गावी असा कार्यक्रम करायचा असेल तर फार मोठी तयारी लागत नाही. एक हॉल, एक माईक, तीन रंगांचे पुठ्ठे, बारा धीट माणसे आणि दोन महिन्यांची सवड एवढे पुरते. संस्था मात्र आपल्या पायाने जाऊन पाहा. पुढच्या मेमध्ये आमच्याकडे पुन्हा संध्याकाळ आहे. वक्त्यांच्या यादीत अजून चार जागा रिकाम्या आहेत. तालमीला वेळेवर यायचे, एवढीच अट!