तगड्या प्रतिस्पर्ध्याचं मोजमाप : इंटर विरुद्ध बार्सिलोना, २०१०

युरोपातल्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या आधी दोन-तीन दिवस एकच चर्चा चालते. समोरच्या संघात कोण कोण आहे, कोण फॉर्मात आहे, कुणी किती गोल केले. ही यादी वाचून आपण म्हणतो, संघ तगडा आहे. ते खरंच असतं, पण त्यातून प्रशिक्षकाच्या हाती काही लागत नाही. तगडा आहे हे त्यालाही ठाऊक असतं. त्याला ठरवायचं असतं ते वेगळंच : या तगड्या संघाला काय करू द्यायचं आणि काय करू द्यायचं नाही.

लष्करात लढाईच्या आधी परिस्थितीचा पद्धतशीर अंदाज बांधतात, त्याला आम्ही ‘अ‍ॅप्रिसिएशन’ म्हणतो. त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी उद्दिष्ट. मग जमीन, वेळ, दोन्हीकडचं बळ. मग शत्रूपुढे कोणते मार्ग खुले आहेत ते. मग आपल्यापुढचे मार्ग. योजना सगळ्यात शेवटी. तरुण अधिकारी बहुतेक वेळा योजनेपासून सुरुवात करतात आणि मग तिला शोभेल असा शत्रू कागदावर उभा करतात. फुटबॉलमध्येही हे घडतं. आज मी हाच क्रम घेऊन एक खरा सामना तुमच्यासमोर मांडणार आहे : चॅम्पियन्स लीगची २०१०ची उपांत्य फेरी, इटलीचा इंटर मिलान आणि स्पेनचा बार्सिलोना.

समोर कोण होतं

पेप गार्डिओलाच्या बार्सिलोनानं २००९ या एका वर्षात सहा करंडक जिंकले होते. स्पॅनिश लीग, स्पॅनिश कप आणि चॅम्पियन्स लीग तर होतेच. वर दोन सुपर कप आणि क्लब विश्वचषक. ६ एप्रिल २०१० रोजी त्यांनी आर्सेनलला ४-१ हरवलं आणि चारही गोल लिओनेल मेस्सीचे होते. चार दिवसांनी ते रेआल माद्रिदच्या मैदानावर जाऊन २-० जिंकून आले. इंटरनं मात्र युरोपचा हा करंडक शेवटचा जिंकला होता १९६५ साली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

नुसती यादी पाहिली तर निकाल लागलेलाच होता.

आधीची टेहळणी

योगायोगानं हे दोन संघ त्याच मोसमात साखळी फेरीत दोनदा भेटले होते. सप्टेंबर २००९ मध्ये मिलानला ०-० बरोबरी झाली. २४ नोव्हेंबरला बार्सिलोनाच्या मैदानावर इंटर २-० हरला आणि दोन्ही गोल पहिल्या अर्ध्या तासातच झाले.

या दुसऱ्या सामन्यातली एक गोष्ट नीट बघा. त्या दिवशी मेस्सी आणि इब्राहिमोविच दोघेही पूर्ण तंदुरुस्त नव्हते आणि सुरुवातीच्या अकरात नव्हते. तरीही इंटरला चेंडू सापडत नव्हता. याचा अर्थ काय? बार्सिलोनाची खरी ताकद एका-दोघांच्या पायात नव्हती, ती पद्धतीत होती. मेस्सीला अडवलं की काम झालं, असं समजणाऱ्याला नोव्हेंबरनंच उत्तर दिलं होतं. हरलेला सामना ही सगळ्यात चांगली टेहळणी असते, फक्त तो पुन्हा शांतपणे बघायची तयारी हवी.

ताकद कशावर उभी आहे

बार्सिलोनाची पद्धत तीन गोष्टींवर उभी होती. पहिली, चेंडू गेला की तो परत मिळवण्यासाठी तीन-चार जण लगेच धावून जात. त्यामुळे समोरच्याला मान वर करून बघायलाही वेळ मिळत नसे. दुसरी, मधल्या फळीत झावीसारखा खेळाडू, जो छोट्या-छोट्या पासांनी समोरच्या संघाला जागेवरून हलवत राही. तिसरी, दोन्ही बाजूंचे फुलबॅक, विशेषतः उजवीकडचा डॅनी अल्वेस, जवळजवळ आघाडीवीरांच्या रांगेत जाऊन खेळत. अल्वेसनं बाहेरची बाजू धरली की मेस्सी उजवीकडून आत वळून डाव्या पायानं फटका मारायला मोकळा.

प्रत्येक ताकदीची एक किंमत असते, आणि अंदाज बांधणाऱ्याचं खरं काम ती किंमत शोधणं हे आहे. फुलबॅक एवढे पुढे गेले की त्यांच्यामागे मैदान रिकामं पडतं. चेंडू परत मिळवायला धावून आलेल्या त्या तीन-चार जणांना एका पासात ओलांडता आलं तर समोर थोडेच बचावपटू उरतात. धोका तिथेच होता आणि संधीही तिथेच होती.

आपल्याकडे काय आहे

इंटरचे प्रशिक्षक होते जोस मॉरिन्हो. १९९६ ते २००० या काळात ते बार्सिलोनातच होते, आधी बॉबी रॉब्सन आणि मग लुई व्हॅन गाल यांच्या हाताखाली. सॅम्युअल इटो पाच वर्षं बार्सिलोनाकडून खेळून २००९च्या उन्हाळ्यात इंटरमध्ये आला होता; त्याच सौद्यात इब्राहिमोविच तिकडे गेला. थिआगो मोट्टा तर बार्सिलोनातच घडलेला. म्हणजे घरचे भेदी भरपूर. पण हे विसरू नका की इब्राहिमोविच आणि मॅक्सवेल हे दोघे इंटरची नस ओळखणारे खेळाडू आता बार्सिलोनात होते. माहिती दोन्ही बाजूंना होती. फरक पडला तो तिचं काय केलं यानं.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे, नोव्हेंबरच्या पराभवानंतर इंटरचा संघ बदलला होता. जानेवारीत गोरान पांडेव आला. चेल्सीविरुद्ध लंडनमध्ये मॉरिन्हो यांनी इटो आणि पांडेव यांना दोन बाजूंना, मिलिटोला पुढे आणि स्नायडरला त्याच्या मागे ठेवलं. इंटर तो सामना १-० जिंकला, गोल इटोचा. बार्सिलोनासाठीची मांडणी अशी आधीच खऱ्या सामन्यात तपासून झाली होती. लुसिओ आणि सॅम्युअल हे मधले बचावपटू मोकळ्या मैदानात शर्यत लावण्यापेक्षा स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात उभं राहून झुंजण्यात जास्त भरवशाचे होते. त्यामुळे त्यांना मागेच ठेवायचं ठरलं.

पहिला सामना : मिलान

२० एप्रिल २०१०. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा मध्यरात्र उलटून सव्वाबारा वाजले होते. आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं बंद होती. बार्सिलोनाचा संघ सुमारे हजार किलोमीटर बसनं, वाटेत कानला मुक्काम करून मिलानला पोहोचला होता.

एकोणिसाव्या मिनिटाला पेड्रोनं गोल केला. इथे बरेच संघ घाबरून योजना टाकून देतात. इंटरनं तसं केलं नाही. चेंडू मिळाला की पहिला पास पुढे, फुलबॅकनं सोडलेल्या जागेत. तिसाव्या मिनिटाला स्नायडर, अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला माइकॉन आणि एकसष्टाव्या मिनिटाला मिलिटो. पहिल्या दोन्ही गोलांना शेवटचा पास मिलिटोचा होता. माइकॉन हा उजवा बचावपटू, पण तो गोल करायला समोरच्या पेनल्टी क्षेत्रात पोहोचला होता. हा संघ नुसता बचाव करायला उतरला नव्हता.

मेस्सीच्या मागे एकच माणूस लावलेला नव्हता. तो ज्याच्या भागात शिरेल त्यानं समोरून अडवायचं आणि शेजाऱ्यानं पाठ राखायची. झानेट्टीकडून सुटला तर कॅम्बियासो, तिथून सुटला तर मोट्टा. कुणीही मोह होऊन जागा सोडायची नाही. निकाल ३-१.

दुसरा सामना : बार्सिलोना

आठ दिवसांनी, २८ एप्रिलला, शत्रू तोच होता पण परिस्थिती बदलली होती. तेव्हा परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम होता, जो युएफानं २०२१ मध्ये रद्द केला. दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई. पेड्रोचा मिलानमधला गोल हिशेबात धरता बार्सिलोनाला २-० पुरेसे होते. म्हणजे इंटरचं उद्दिष्ट सामना जिंकणं हे राहिलंच नाही. एका गोलानं हरलं तरी चालणार होतं. उद्दिष्ट बदललं की सगळा अंदाज पहिल्यापासून बांधावा लागतो. मागच्या आठवड्यात जिंकून दिलेली योजना म्हणून तीच पुन्हा वापरणं हा आळस ठरला असता.

त्यातच अठ्ठाविसाव्या मिनिटाला मोट्टाला लाल कार्ड मिळालं. तासाभराहून जास्त वेळ दहा माणसांनी काढायचा होता. सामन्यानंतर मॉरिन्हो यांनी उघड सांगितलं की आम्हाला चेंडू नकोच होता. ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे. चेंडू घेऊन पुढे जायचं तर माणसांना जागा सोडावी लागते. बार्सिलोना चेंडू हिसकावून घेण्यात जगात पहिला, आणि तो हिसकावला गेला त्या क्षणी आपली माणसं विस्कटलेली असतात. म्हणून चेंडू त्यांच्याकडेच राहू द्यायचा आणि आपण जागा धरायची. तीन-चतुर्थांशाहून जास्त वेळ चेंडू बार्सिलोनाकडे होता. इटोसारखा जगातल्या पहिल्या रांगेतला आघाडीवीर त्या रात्री बचावपटू म्हणून राबला. मेस्सीचा एक वळणारा फटका गोलरक्षक ज्युलिओ सीझरनं बोटांच्या टोकांनी बाहेर काढला.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पिकेनं गोल केलाच. तो मुळात बचावपटू, शेवटी आघाडीवर पाठवलेला. भरपाई वेळेत बोयाननंही चेंडू जाळ्यात मारला, पण त्याआधी याया टुरेच्या हाताला चेंडू लागल्याचा निर्णय पंचांनी दिला. १-० वर सामना संपला आणि एकूण ३-२ नं इंटर अंतिम फेरीत गेला. २२ मे रोजी माद्रिदमध्ये बायर्न म्युनिकला २-० हरवून त्यांनी करंडक उचलला. दोन्ही गोल मिलिटोचे.

नशिबाचा वाटा

आता कुणी म्हणेल, कर्नलसाहेब, यात नशीब नव्हतं का? होतं, भरपूर होतं. बसचा प्रवास होता. इनिएस्टा जखमी होता, दुसऱ्या सामन्यात पुयोलवर बंदी होती. मिलानमधला मिलिटोचा गोल ऑफसाइड होता असं अनेकांचं मत आहे आणि अल्वेसला पेनल्टी मिळायला हवी होती असंही. यातल्या एकाही गोष्टीनं पारडं फिरलं असतं. अचूक अंदाज विजयाची हमी देत नाही. मात्र नशीब दारात आलं तेव्हा इंटरची माणसं जागेवर होती, आणि तेवढंच आपल्या हातात असतं.

शिवाय हरणाराही अंदाज बांधतो. त्या उन्हाळ्यात बार्सिलोनानं इब्राहिमोविचला मिलानच्या दुसऱ्या क्लबकडे, एसी मिलानकडे पाठवलं, मेस्सीला मध्यभागी खेळवलं आणि २०११ मध्ये वेम्ब्लीवर मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवून चॅम्पियन्स लीग परत मिळवली. एकदा बांधलेला अंदाज पुढच्या वर्षी शिळा होतो.

तुम्ही सामना बघाल तेव्हा

पुढच्या मोठ्या सामन्याआधी खेळाडूंची नावं बाजूला ठेवा आणि एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. आपल्या संघाला आज नेमका कोणता निकाल पुरेसा आहे? समोरच्याची ताकद कुणा एकात आहे की पद्धतीत? त्या ताकदीसाठी तो मैदानावर कुठली जागा उघडी टाकतो? आणि आपण त्याला काय खुशाल देऊ शकतो? चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण काहीतरी सोडून देणं मनाला पटत नाही. इंटरनं चेंडू सोडला, मैदानाचा मोठा भाग सोडला, टाळ्याही सोडल्या. गोलासमोरची जागा तेवढी सोडली नाही.

सामना संपल्यावर तो कागद पुन्हा काढा आणि प्रत्यक्ष खेळाशी ताडून बघा. असे चार-पाच सामने झाले की तुमची नजर आपोआप चेंडूवरून हटेल आणि रिकाम्या जागा दिसू लागतील. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.